दुसऱ्या श्रावणातला रोट

भिकनने ते पत्र लिहिले कशासाठी? लीड्समधल्या खोलीत त्याने काय केले, हे नंदुरबारला कळण्याचा कोणताही मार्ग नव्हता. चूक झाली होती, ती त्याच्या एकट्याच्या ध्यानात आली होती, आणि गप्प बसण्याने कोणाचे काही बिघडत नव्हते. तरीही त्याने स्वतःच्या हाताने, शाईने, थोरल्या काकांच्या नावे सगळे कळवले. या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. जे घडले, तेवढेच सांगता येते.

भिकन लोटन रंगारी हा पश्चिम खानदेशातल्या नंदुरबारचा. चार घरांचे भाऊबंद मिळून बायकांनी डोक्यावरून घ्यायच्या फडक्या आणि लुगडी रंगवीत. मनगटापर्यंत लाल झालेले हात ही त्या घरांची ओळख होती. वडील लोटन भिकनच्या लहानपणीच गेले, तेव्हापासून थोरले काका दोधूबाबा हेच चारी घरांचे कर्ते. भिकन शाळेत हुशार निघाला, मुंबईला शिकला, आणि एका गिरणीमालकाच्या धर्मादाय निधीतून १९२७ च्या भाद्रपदात रंगांचे रसायन शिकायला इंग्लंडात गेला. दोधूबाबांनी त्याला अडवले नाही. निरोपही दिला नाही. निघायच्या दिवशी ते नेमके प्रकाशा या तीर्थाच्या गावी तापीवर स्नानाला गेले.

या घरांचा सर्वांत मोठा सण दिवाळी नव्हे, कानबाई. नागपंचमीनंतरच्या रविवारी नारळाची देवी बसते, नथ घालते, आणि सोमवारी वाजतगाजत नदीवर जाते. पण खरा सण दळणात असतो. घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ गहू मोजून घेतात, एकेकाचे नाव उच्चारून. कालच जन्मलेल्या मुलग्याची मूठ पडते, परगावी नोकरीला असलेल्याची पडते. त्या पिठाचे रोट भाऊबंदांनीच खायचे, बाहेरच्याला तुकडा द्यायचा नाही, आणि हात धुतलेले पाणीसुद्धा गटारात न सोडता खड्ड्यात पुरायचे. कोण आपला आणि कोण नव्हे, याचा निवाडा त्या घरांत वर्षातून एकदा सुपात होत असे.

१९२८ च्या जून महिन्यात दोधूबाबांचे पत्र लीड्सला आले. वळणदार मोडी अक्षर, मोजके शब्द. 'चि. भिकन यास आशीर्वाद. यंदा दळणास सतरा मुठी. तुझी धरली नाही. समुद्र ओलांडणाऱ्याची मूठ कोणी टाकल्याचे ऐकिवात नाही. परत आल्यावर नाशिकास जाऊन शुद्ध व्हावे, मग पाहू. अभ्यास नीट करावा. थंडीस जपावे.'

भिकनने ते पत्र तीनदा वाचले. शेवटच्या वाक्याने त्याला जास्त राग आला.

त्याच शहरात याकूब नावाचा एक तरुण औषधे बनवण्याचे शिक्षण घेत होता. चिंचपाड्याजवळच्या डोंगरी गावातला, ख्रिस्ती शेतकऱ्याचा मुलगा, मिशनच्या डॉक्टरांनी वर्षभरासाठी पाठवलेला. घरी तो मावची बोले, पण नवापूरच्या बाजाराने त्याला अहिराणी शिकवली होती. नंदुरबारात हे दोघे एका ओट्यावर बसले नसते. लीड्समध्ये दर रविवारी भेटत, कारण 'काय चालनं?' असे विचारणारे दुसरे कोणी तिथे नव्हते.

'मन्ही मूठ तठे पडाव नही, त मी आठे टाकस,' भिकनने त्याला सांगितले.

'टाक ना. पन देवी कोठेन लयशी?'

देवी जत्रेत मिळाली. जुलैत शहराबाहेरच्या मैदानावर पाळणे आणि खेळ आले होते. एका खेळात खांबांवर नारळ मांडलेले, लाकडी चेंडूने पाडील त्याला नारळ. भिकनचे सहा चेंडू वाया गेले. याकूबने लहानपणापासून ज्वारीवरची पाखरे गोफणीने हाकलली होती, त्याने दुसऱ्याच चेंडूला नारळ खाली आणला. वाटेत मात्र तो विचारात पडला.

'मी क्रिस्ती शे. मन्हा हातना नारळमा तुन्ही देवी बसी का?'

'नेम तू धरा,' भिकन म्हणाला, 'नारळनी बाप्तिस्मा लिधा का?'

पंचांग नव्हतेच. वर्तमानपत्रात चंद्राच्या तिथी येत, त्यांवरून त्याने हिशेब मांडला. सतरा जुलैला आषाढाची अमावास्या, बावीसला पंचमी, म्हणजे कानबाईचा रविवार एकोणतीस जुलै. सबंध गहू कोंबड्यांचा दाणा विकणाऱ्या दुकानात मिळाला. घरमालकीण मिसेस क्लेग या गिरणीत जन्म घालवलेल्या विधवा. त्यांनी कॉफी दळायचे लाकडी यंत्र दिले, आणि काय चालले आहे ते पाहायला खुर्ची ओढून स्वयंपाकघरातच बसल्या. नारळाला कापसाची शेंडी लावली. नथ मिसेस क्लेगच्या शिवणाच्या डब्यातल्या काचमण्यांची झाली.

भिकनने अंघोळ करून गव्हाची पिशवी उघडली, मूठ भरली, वर चिमूटभर सव्वाची भर घातली आणि मोठ्याने म्हटले, 'भिकन लोटन.' दाणे ताटलीत पडले. त्याने पिशवीचे तोंड बांधले.

'मन्ही मूठ?' याकूबने विचारले.

'हाई भाऊबंदनं काम शे, याकूब. रोट बाहेरनाले देतस नही. तुन्हासाठे येगळा भात लावस.'

याकूब नारळाकडे बघतच म्हणाला, 'तुन्हा बाबानी तुले हाईच लिखेल शे ना? तू बाहेरना. मी हाई बजारमा धाकला व्हतू तवपासून ऐकस. तू यंदाच ऐकं.' बोलताना त्याने टोपी उचलली होती. आवाजात राग नव्हता.

मिसेस क्लेगना भाषा कळली नाही, उचललेली टोपी कळली. त्यांनी विचारले तेव्हा भिकनने इंग्रजीत समजावले, की घरातल्या प्रत्येक पुरुषाची एक मूठ असते.

'आणि बाईची?'

'बाईची नसते.'

'म्हणजे भट्टी माझी, गॅस माझा, यंत्र माझे,' त्या म्हणाल्या, 'आणि मूठ तुमची. माझ्या नवऱ्याचा हिशेबही असाच असायचा.'

भिकनने ताटलीतल्या एकट्या मुठीकडे पाहिले. सतरा-अठरा पुरुषांचे दळण त्याने जन्मभर पाहिले होते. इतके थोडे गहू त्याने कधी पाहिले नव्हते. ते दळले असते, भाजले असते, आणि त्याने खोलीत एकटे बसून, आपण कुळातले आहोत असे सिद्ध करत, तो रोट खाल्ला असता. दोधूबाबांनी त्याच्याशी जे केले तेच तो याकूबशी करत होता, फक्त काकांकडे सतरा माणसे होती आणि त्याच्याकडे एकही नव्हते. त्याने पिशवीची गाठ सोडली. मूठ भरली.

'बापनं नाव काय?'

'योसेफ,' याकूब म्हणाला. टोपी अजून हातातच होती.

'याकूब योसेफ.' दाणे पडले. मग भिकन मिसेस क्लेगकडे वळला. त्यांच्या वडिलांचे नाव विचारावे की नवऱ्याचे, हे त्याला ठरवता येईना. बाईची मूठ टाकण्याचा रिवाजच नव्हता, तर नाव घेण्याचा कुठून असणार? त्यांनीच सोडवणूक केली. 'एलन,' त्या म्हणाल्या. 'नुसते एलन चालेल.'

तीन मुठींचे रोट जाड आणि एका बाजूला करपलेले झाले. याकूबच्या मते चव डोंगरातल्या नागलीच्या भाकरीच्या पासंगालाही पुरत नव्हती, पण त्याने दोन खाल्ले. परसात सगळी फरशी असल्याने हात धुतलेले पाणी मिसेस क्लेगच्या फुलझाडाच्या कुंडीत ओतले.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात आईचे पत्र आले. रुक्मिणीबाईंना लिहिता येत नसे. चौथीपर्यंत शिकलेली भिकनची धाकटी बहीण सिंधुबाई माहेरी आली होती, तिने ते लिहिले होते. 'धोंड्याचा महिना चालू असल्याने आईने जावईबापूंना अनारशांचे वाण दिले. यंदा दोन श्रावण. कानबाई निज श्रावणात, सव्वीस ऑगस्टला. आईने विचारले आहे, तुला तिथे धड जेवण मिळते का?'

भिकनने पत्रातली तारीख पुन्हा वाचली. घरी अधिक मास शेंबड्या पोरालाही ठाऊक असतो, म्हणूनच दोधूबाबांनी तो पत्रात लिहिला नव्हता. ज्या महिन्यात कोणतेही मंगल कार्य करत नाहीत, त्याच महिन्यात त्याने देवी बसवली होती.

याकूब पोट धरून हसला. एकाच वर्षी एकच महिना दोनदा येतो, हे त्याला हिंदूंच्या सगळ्या चमत्कारांत खरोखर उपयोगी वाटले. मग तो म्हणाला, 'कोनले मालूम पडी? गप ऱ्हाय.'

भिकनने त्याच दुपारी दोधूबाबांना पत्र लिहिले. 'ती. बाबांस शि. सा. नमस्कार. पंचांग नसल्याने मी अधिकात कानबाई बसवली. ही चूक माझी, ती मान्य आहे. दळणात तीन मुठी होत्या. एक माझी, एक चिंचपाड्याकडील याकूब योसेफ या ख्रिस्ती मित्राची, एक घरमालकिणीची. यांत चूक झाली असे मला वाटत नाही. सव्वीस ऑगस्टला पुन्हा बसवणार आहे, आणि मुठी तितक्याच राहतील. आपण माझी टाकावी किंवा न टाकावी. थंडीस जपतो आहे.'

पत्र नंदुरबारला पोचले ते दळणाच्या आदल्या दिवशी. दोधूबाबांनी ते सगळ्या भाऊबंदांना वाचून दाखवले, घडी करून कोनाड्यात ठेवले, आणि दुसऱ्या दिवशी सतरा नावे घेतली. लीड्समध्ये तीन नावे घेतली गेली.

१९३० च्या जूनमध्ये भिकन परतला. दोधूबाबा ओट्यावर बसले होते. पाया पडू लागलेल्या पुतण्यासमोर त्यांनी पाय मागे घेतले.

'नाशिकले जाई ये. डोकं करी ले, पंचगव्य ले. मंग घरमा ये.'

'मी चोरी करेल नही, बाबा.'

'चोरी करता त बरं व्हतं. चोरले शिक्षा व्हस नि तो सुटस. तू त ख्रिस्तावनं नि बाईनं नाव कानबाईना दळनमा लिधं, नि वरतून लिखी धाडं.'

'लिखं. लपाडं नही.'

रुक्मिणीबाई दाराआड उभ्या होत्या. थोरल्या दिराशी त्या कधी थेट बोलल्या नव्हत्या, आणि त्या दिवशीही बोलल्या नाहीत. पदर पुढे ओढून त्यांनी मुलाकडे तोंड केले. 'भिकन, तुन्हा बाबाले सांग,' त्या म्हणाल्या, 'मन्हा पोऱ्या नाशिकले जावाव नही. नि हाई बी सांग, मन्हा घरमा बी जातं शे.'

निरोप पोचवायची गरज पडली नाही. दोधूबाबा तीन हातांवर बसले होते. ते उठले, वहाणा शोधू लागले, आणि एक सापडेना म्हणून अनवाणीच निघून गेले.

त्या श्रावणात लोटन रंगाऱ्याच्या घरी कानबाई वेगळी बसली. तीन गल्ल्यांतून बायका ती पाहायला आल्या. काही आत आल्या, बऱ्याच दारातूनच परतल्या. दळणात पहिले नाव भिकनचे घेतले गेले, दुसरे रुक्मिणीबाईंचे. आपले नाव मोठ्याने ऐकून त्या इतक्या अवघडल्या की सूप हातातून सुटले आणि सगळे दाणे पुन्हा गोळा करावे लागले.

दोधूबाबा १९४४ च्या माघात वारले. तोवर ते त्या घरी जेवले नाहीत.