माहेरच्या फणसाचा पाळणा

दाभोळपासून पलीकडच्या वेलदूरपर्यंत खाडीत ज्या काही लाकडी होड्या अजून तग धरून आहेत, त्यातल्या निम्म्यांना काशीराम सुताराचा हात लागलेला आहे. आणि याच काशीरामाच्या घरात भांडी जमिनीवर, भिताडाला टेकवून मांडलेली असायची. त्याची बायको सोनूबाई रोज सकाळी वाकून तांब्या उचलायची नि उठताना नवऱ्याला एक शिवी घालायची. शिवी रोज नवी असे.

तिला मांडणी हवी होती. लग्न होऊन आली तेव्हापासून. तीन खणांची, भिताडात बसवलेली. वर तांबं-पितळ, खाली रोजची ताटं. काशीराम कधी नाही म्हणाला नाही. "करू गो," म्हणायचा आणि कुणाच्या तरी फुटक्या होडीकडे निघून जायचा. पोरं झाली, मोठी झाली, मुलगी चिपळुणात नांदायला गेली, मुलगा मुंबईला लागला. भांडी होती तिथंच.

मग वादळ झालं. हेदवीला सोनूबाईच्या माहेरी परसातला कापा फणस मुळासकट आडवा झाला. तिचा भाऊ शिवा, त्यानं तो चिरून घेतलान आणि एक लांब फळी फेरीबोटीतून बहिणीला पाठवून दिलान. हळदीसारखी पिवळी, एक गाठ नाही की भेग नाही. सोनूबाईनं ती पदरानं पुसून माळ्यावर आडवी ठेवली. "ही माझ्या मांडणीची," तिनं नवऱ्याला बजावलं. "हिला रंधा लागला तर माझ्यासाठी लागंल."

"व्हय," काशीराम म्हणाला.

त्यांच्या आणि शेजारच्या मासूमाच्या परसांमध्ये एक गडगा आहे, जांभ्या चिऱ्यांचा, कमरेएवढा. मासूमाचा नवरा यासीन मालवाहू बोटीवर खलाशी, वर्षातून एकदा घरी. मुलगा रेहान कुवेतला. बाई एकटी, पण घर कसं टापटीप! रेहानचा फोन रोज तिन्हीसांजेला यायचा आणि तेव्हाच नेमका मासूमाचा मोबाईल मान टाकायचा. चार्जिंगची पिन बसायची ती जागा ढिली झालेली. फोन एका बाजूला कलता धरला, वायर वरून अंगठ्यानं दाबली, तरच आत वीज जायची. मासूमा त्याला मसाल्याच्या डब्याला टेकवायची, रबर लावायची, आगपेटी खाली सारायची. जरा मांजर बाजूनं गेलं की सगळं कोसळायचं.

हे काशीरामानं पाहिलं. मासूमाच्या पडवीचा वासा बघायला गेला होता, वासा राहिला बाजूला. सोनूबाई गडग्याकडे शेण टाकायला गेली तर तिला काय दिसलं? नवरा मासूमाच्या ओटीवर मांडी घालून बसलाय, तिचा फोन तळहातावर घेतलाय, एक डोळा मिटलाय आणि दोऱ्यानं त्याचं माप घेतोय. इकडून घेतलं, तिकडून घेतलं, पोटाला धरून घेतलं. बाजूला मासूमा चहाचा कप घेऊन उभी.

सोनूबाईच्या हातातलं शेण हातातच राहिलं. इतक्या वर्षांत ह्या माणसानं असा एक डोळा मिटून आपल्याकडे कधी बघितलान? आपल्याकडे कशाला, आपल्या भिताडाकडे तरी?

दोन-चार दिवस घरामागून रंध्याचा आवाज येत राहिला. तिनं विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. मग पावसाच्या आधी सुकटीची टोपली उतरवायला ती माळ्यावर चढली आणि फळीला हात लावला. फळी आखूड! टोकाला करवतीचा ताजा काप, अजून वास येत होता फणसाचा.

ती माळ्यावरूनच ओरडली, "माझी फळी कुणी कापलंन?"

"मी," खालून आवाज आला. निदान उंदरावर तरी ढकलावं, तर तेही न सुचणारा माणूस.

"कशाला?"

"मासूमाभाभीच्या फोनला बैठक केलंय. पिन हालत व्हती. आगपेट्या काय लावलान, रबर काय... बगवत नव्हतं."

"माझी भांडी जमिनीवर लोळतायत ती बगवतात?"

"वीतभरच घेतलंय. साग न्हवता घरात. आणि फणस मऊ असतो, फोनला घासत नाय."

"माझी दोन पोरं लुगड्याच्या झोळीत वाढली," सोनूबाई शिडीच्या वरच्या पायरीवर बसून म्हणाली, "आणि मासूमाच्या फोनला पाळणा! आता अंगाई म्हणायला पण जा."

काशीराम खरंच गेला. अंगाईला नव्हे, पाळणा द्यायला.

वस्तू झाली होती मात्र देखणी. हे सोनूबाईनं गडग्याआडून पाहिलं आणि त्यामुळेच तिचा जास्त जळफळाट झाला. खाली बूड होडीसारखं निमुळतं, दोन्ही बाजूंनी गाल वर आलेले, फोन त्यात कलता बसायचा तो नेमका पाहिजे तेवढाच. खालून वायरीला भोक. वायरीच्या मागं एक इवलीशी लाकडी पाचर. ती सारली की पिन जागच्या जागी आवळली जायची. खिळा नाही, डिंक नाही. फोन ठेवला की टुक् करून आवाज यायचा आणि बॅटरीचं हिरवं चिन्ह पेटायचं.

मासूमानं तो वाडीभर दाखवला. मासळी विकायला आलेली तुळसा तो बघून थेट सोनूबाईकडे आली. तुळसाला आग दिसली की फुंकर घातल्याशिवाय राहवत नाही.

"सोनूबाय, तुमच्या घोवाच्या हातात काय जादू हाय गो! मासूमाचा फोन राणीसारका बसलाय. तुमच्यासाटी काय काय केलान असंल मग!"

"केलान ना," सोनूबाई माशाचं डोकं तोडत म्हणाली. "दोन पोरं केलान."

तुळसा गेली. सोनूबाईनं त्या दिवशी कालवणात मीठ दुप्पट टाकलं आणि नवऱ्यानं ते बोलल्याविना खाल्लं, त्यानं तर ती आणखीच तापली.

आषाढ लागला. होड्या किनाऱ्यावर ओढल्या, झापांनी शाकारल्या. कपडे सुकेनात, मिठाला पाणी सुटलं, कपाटाची दारं फुगली. काशीराम एका मोठ्या होडीची फळी बदलायला पलीकडे वेलदूरला गेला होता, संध्याकाळी यायचा होता. सोनूबाई चुलीपुढे बसली होती. एवढ्यात मासूमा मागच्या दारानं आली. डोक्यावर इरलं, आणि कानाला तो अख्खा पाळणा लावलेला. वायर खाली लोंबत होती.

"व्हय रे बाला, व्हय, ऐकतंय," ती पाळण्यात बोलत होती; शुक्रवार, रेहानला सुट्टी, म्हणून फोन भरदिवसाच. पाळण्यातून बारीक आवाज आला, "अम्मी, तुजा आवाज कुठून येतोय? पेटीत बसल्लीयस काय?"

सोनूबाईनं पाहिलं आणि तिला इतकं हसू आलं की फुंकणी हातातून पडली.

"हस तू," मासूमा फोन संपवून पाटावर टेकली. "सकाळपासून निघत नाय. वडून बगितला, सुरी घालून बगितली. लाकूड फुगलं नि फोनला धरून बसलं. काशीभाऊ कुटाय?"

"वेलदूरला."

"मग तूच फोड. तुमच्याकडं हत्यारं हायत. मना फोन हवा, बाकी काय नको."

सोनूबाईच्या मनात काय आलं ते चुलीला ठाऊक. ती उठली, नवऱ्याची पेटी उघडली, पटाशी काढली, लाकडी हातोडी काढली. पाळणा पाटावर आडवा घातला. पटाशीची धार गालाच्या मुळाशी लावली. मालकीण स्वतः सांगतेय फोड म्हणून. कुणी एक शब्द बोलणार नाही. एक टोला, की संपलं.

तेवढ्यात तो वास आला. ओल्या फणसाचा. लहानपणी ह्याच झाडाखाली ती पडलेल्या गऱ्यांवरच्या माशा हाकत बसायची. फोडायचं ते काय मासूमाचं? फोडायचं ते माझंच, असं तिच्या डोक्यात आलं, आणि मग हात उतरेना.

"फोन बंद कर आदी," ती म्हणाली.

तिनं पाळणा चुलीच्या वैलाच्या कडेला, जिथं नुसती ऊब पोचते आणि ती कोकमाची सोलं सुकवायला ठेवते, तिथं फडक्यावर ठेवला. मधूनमधून उलटायची. मासूमा समोर बसून राहिली. बाहेर पाऊस, आत दोघी. शेवटी सोनूबाईलाच राहवलं नाही.

"तुझ्या ओटीवर बसून काय बोलायचा गो तो?"

"कोण? काशीभाऊ?" मासूमानं तिच्याकडे नीट बघितलं, आणि तिला समजलं. तिनं गालाला हात लावला. "अगो बाय! तू त्यावरून माज्याकडची पेडव्याची मासळी घेणं सोडलंस काय? अगो, तो बोलतो कुटं! चाय ठेवली पुढं, ती थंड झाली, वर माशी पडली. मी म्हटलं, काशीभाऊ, माशी पडली. तर म्हणतो, 'डाव्या अंगाला जरा जाड हाय.' मी माज्या अंगाला बगितलं! तो फोनचं सांगत व्हता."

सोनूबाई हसली नाही. तिला मासूमाचा राग येत होता तो जिरला; पण त्या जागी दुसराच येऊन बसला. बाई असती तर झिंज्या उपटता आल्या असत्या. लाकडाचं काय करायचं?

दुपार उलटल्यावर गाल सैल झाले. सोनूबाईनं अंगठा लावला आणि फोन सुटला. तिनं तो मासूमाच्या हातात दिला. पाळणा दिला नाही.

"हा ऱ्हाऊंदे इथं," ती म्हणाली. "लाकूड माझ्या माहेरचं हाय. माझी मांडणी झाली की न्ये."

"आणि तवर?"

"तवर मसाल्याचा डबा हाय ना तुझ्याकडं?"

संध्याकाळी काशीराम आला. पाळणा चुलीपाशी बघून आधी हबकला, मग सगळं ऐकून घेतलं आणि मटकन बसला. रागावला नाही, शरमला. पाळणा उलटापालटा करून पुटपुटत राहिला, "होडी समजून बसवलं मी. आवळून. होडीची फळी आवळूनच बसवतात, पाण्यात फुगते नि फट मिटते... फोनला कशाला मिटायची फट? कसा इसरलंय मी? आण गो पटाशी, आताच सैल करतंय."

सोनूबाईनं पाळणा त्याच्या हातातून काढून घेतला आणि पदराखाली धरला.

"आदी मांडणी."

"अगो, माझं काम चुकलंय. लोक बगतील."

"बगूदे. इतकी वर्सं माझी भांडी बगतायत."

तो दिवस गेला, दुसरा गेला. पाळणा तिच्या डब्यांच्या मागं. आता गंमत अशी, की मांडणीसाठी बायकोपेक्षा मासूमाच जास्त मागं लागली. गडग्यावरून येता-जाता तिची हाक, "काशीभाऊ, मांडणी कुटवर आली? माजा रेहान अर्ध्या बोलण्यात जातो!" आणि काशीरामाला स्वतःची चूक डब्यामागं पडून आहे हे झोपू देईना. शेवटी एका सकाळी त्यानं माळ्यावरची फळी उतरवली. कापलेली वीत कमी पडत होती, तिथं जुन्या होडीचा तुकडा जोडायचं ठरवलं. मग दोरा घेऊन बायकोपुढं उभा राहिला.

"हात वर कर. रोज पोचतो तेवढाच. ताणू नको."

सोनूबाई भिताडाला पाठ लावून उभी राहिली. त्यानं दोऱ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्याखाली धरलं, दुसरं तिच्या बोटांपर्यंत नेलं आणि एक डोळा मिटला. तोच, गडग्याआडून पाहिलेला. आता तो तिच्यावर होता. मनगटावरून कोपरावर, कोपरावरून खांद्यावर उतरत, परत वर चढत. पेन्सिल दातात धरलेली, श्वास रोखलेला.

सोनूबाईनं लुगड्याच्या आत टाचा जराशा उचलल्या.

"हाललीस काय?"

"नाय."

"टाचा खाली हायत?"

"खालीच हायत. तू माप घे."

मांडणी झाली. पाळणाही सैल होऊन गडग्यापलीकडे गेला आणि मासूमाचा फोन आता पावसातही सुखानं बसतो. मांडणी देखणी आहे, बघणारे बघत राहतात. फक्त वरची फळी दोन बोटं जास्त वर गेलीय. काशीराम अजून त्या फळीकडे बघून डोकं खाजवतो, माझं माप चुकलं कसं म्हणतो. सोनूबाई सांगत नाही.

आणि मासूमा घरी आली की तिला पाणी द्यायला ती हटकून वरच्या फळीवरचाच तांब्या काढते. टाचा उचलून, सावकाश.