समीर धावला तेव्हा

समीरने चेंडू मारला आणि तो जागेवरच उभा राहिला. हातात बॅट, नजर चेंडूवर. चेंडू घरंगळत सरळ फिल्डरकडे गेला. त्याने तो आरामात उचलून पहिल्या बेसवर फेकला. समीर आउट.

“दादा, चेंडू सरळ त्याच्या हातातच गेला,” तो मला म्हणाला. “फुकट विकेट कशाला फेकायची?”

समीर नाशिकचा, क्रिकेटवर वाढलेला, जर्मनीतल्या बॉबलिंगेनमध्ये गाड्यांच्या कंपनीत नवा इंजिनियर. मीही इंजिनियरच. पुण्यात कॉलेजच्या टीमकडून बेसबॉल खेळलो आणि आता इथल्या फेराइनचा, म्हणजे क्लबचा, कोच आहे. क्रिकेटमध्ये मारल्यावर धावायचं की नाही हे तुम्ही ठरवता. बेसबॉलमध्ये चेंडू मैदानात पडला की धावावंच लागतं. तुमच्याआधी चेंडू पहिल्या बेसवर पोहोचला तर तुम्ही आउट.

सीझनचा शेवटचा सामना हरलो तर आम्ही खालच्या लीगमध्ये घसरणार होतो. कॅप्टन टोबियासने स्पष्टच सांगितलं, समीरला बाहेर बसव. मी नाही म्हटलं. चेंडू ओळखणारी नजर शिकवून येत नाही, आणि ती समीरकडे होती. धावणं शिकवता येतं.

येतं म्हणालो खरं, पण जित्याची खोड! ओरडून माझा घसा बसला, तरी चेंडू फिल्डरकडे गेला की त्याचे पाय आपोआप थांबत. शेवटी चिडून मी त्याची बॅट काढून घेतली आणि त्यालाच फिल्डिंगला उभं केलं. बाकीच्यांना सांगितलं, कसंही मारा, पण जीव तोडून धावा. टोबियास त्या आठवड्यात ऑफिसच्या कामाने कोलोनला होता, त्यामुळे त्याच्या तक्रारींपासून तरी सुटका होती. माणूस पळताना दिसला की समीरची तारांबळ उडायची. कधी चेंडू हातातून निसटायचा, कधी थ्रो भलतीकडे जायचा.

“म्हणजे मी धावलो की त्यांचीही अशीच वाट लागणार,” घाम पुसत तो म्हणाला.

“गेनाऊ,” मी म्हटलं. अगदी बरोबर.

सामन्याची शेवटची इनिंग. आम्ही एका रनने मागे, आणखी एक आउट झाला की खेळ खलास. टोबियास तिसऱ्या बेसवर. तो होमला, म्हणजे बॅटिंग करणारा उभा असतो तिथे, पोहोचला की एक रन आणि बरोबरी. बॅटिंगला समीर.

चेंडू पुन्हा घरंगळत फिल्डरकडेच गेला. समीर बॅट टाकून सुसाट सुटला. त्याला पाहून फिल्डर गडबडला, थ्रो वाकडा गेला आणि समीर पहिल्या बेसवर सुखरूप पोहोचला. मला इतका आनंद झाला की मी टोपीच हवेत उडवली.

मग तिसऱ्या बेसकडे पाहिलं. टोबियास तिथेच उभा होता.

मी ओरडल्यावर तो पळाला, पण तोवर उशीर झाला होता. होमच्या अलीकडेच त्यांच्या कॅचरने त्याला चेंडूने शिवून आउट केलं. सामना संपला, लीगही गेली.

“मला वाटलं, तो धावणारच नाही,” टोबियास मान खाली घालून म्हणाला.

समीरची सवय मी मोडली. टोबियासचं त्याच्याबद्दलचं मत मोडायचं राहून गेलं. आता कुणी नवं काही शिकला की मी आधी अख्ख्या टीमला मैदानात उभं करून ते पाहायला लावतो.