उरली आपली मंदा

सर गेल्याचं मला कळलं ते क्लासच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, तेही हिंदीत. ‘सर नहीं रहे.’ जुनवानीच्या बाजारात मी भेंडी निवडत उभी होते. खरं सांगते, डोळ्यांत पाणी यायच्या आधी मला रागच आला. एप्रिलपासून मी त्यांच्याशी बोलले नव्हते, आमचं भांडण मिटायचं होतं, आणि हा माणूस मध्येच उठून गेला! भाजीवाली “का होगे दीदी?” म्हणून काय झालं ते विचारत राहिली आणि मी निवडलेली भेंडी एकेक करून परत तिच्याच ढिगात टाकत राहिले. घरी आले तेव्हा पिशवी रिकामी होती.

देवराव सर मूळचे भंडाऱ्याकडचे. उभी नोकरी स्टील प्लांटच्या मिलमध्ये, क्रेन ऑपरेटर म्हणून. तिथल्या आवाजानं त्यांचा डावा कान पार गेला होता. डावीकडून कोणी काहीही बोललं की ते न ऐकताच “बरं” म्हणून मोकळे होत. वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, यावरून फार चिडायच्या. उजवा कान मात्र असा तिखट, की एखाद्याचा निषाद केसभर उतरला तरी आतल्या खोलीतून ओरडत यायचे. रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडलं, बोरसीत घर बांधलं आणि समोरच्या खोलीत गाण्याचा क्लास सुरू केला. मी तिथं गेले सेहेचाळिसाव्या वर्षी. नवरा रेल्वेत, मुलगी लग्न होऊन रायपूरला, घर खायला उठायचं. क्लासमध्ये बाकी सगळी आठ-दहा वर्षांची पोरं. पहिल्याच दिवशी एका चिमुरडीनं विचारलं, “आंटी, आप किसको लेने आए हो?” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सर म्हणाले, “ते कोनाले घ्याले नाही आली, शिकाले आली. सरक तिकडे, जागा दे तिले.” त्या दिवसापासून हा माणूस मला आपला वाटायला लागला.

दर एप्रिलात, परीक्षा आटोपल्या की त्या खोलीत सगळ्यांची बैठक व्हायची. स्पर्धा नाही, नंबर नाही, बक्षीस नाही, साधं सर्टिफिकेटसुद्धा नाही. पालक कुरकुरायचे, की सर, निदान पहिला-दुसरा तरी काढा. सर म्हणायचे, “गानं म्हंजे का दौड आहे?” नियम दोनच. गाऊन झालं की उठायचं नाही, पुढच्यासाठी तानपुरा धरायचा. आणि कोणी कधी गायचं ते चिठ्ठीनं ठरवायचं. स्टीलच्या एका गोल डब्यातून सर चिठ्ठी काढत, नाव वाचत. शेवटचं नाव काढायची गरजच नसते. ते डब्याचं झाकण लावत आणि म्हणत, “उरली आपली मंदा.”

सहा वर्षं! सहाही वर्षं उरली ती मंदाच. आधी मी हसले, मग कंटाळले, मग पाचव्या वर्षी चक्क देवीला नारळ बोलले. सगळ्यांच्या शेवटी गाणं म्हणजे काय, ते ज्याच्यावर येतं त्यालाच कळतं. आपलं लेकरू गायलं की आईबाप त्याला घेऊन निघतात. माझी पाळी येईपर्यंत संध्याकाळ झालेली, आणि सतरंजीवर वहिनी, डुलक्या घेणारा माझा नवरा आणि शेजारच्या आजी. माझ्या आधी गायलेल्या पोराची आई दाराशी स्कूटी सुरू करून उभी असायची, म्हणून माझ्यासाठी तानपुरा सरच घेत. तानपुऱ्याची जागा खरं म्हणजे गाणाऱ्याच्या उजव्या हाताला, थोडी मागे, भिंतीशी. पोरं तिथंच बसायची. सर मात्र तानपुरा उचलून माझ्या डाव्या हाताला येऊन बसत. म्हणत, “इकडं जरा पंख्याची हवा लागते.” म्हातारा माणूस, उकडत असेल, असं मी समजले. यात समजायचं तरी काय होतं?

या एप्रिलात मात्र माझं डोकं फिरलं. नवरा ड्यूटीवर, आजी आजारी. मी मारवा गायले तो एकट्या वहिनींपुढे, आणि त्याही अर्ध्यातून चहा ठेवायला उठल्या. गाणं संपल्यावर मी म्हटलं, “सर, दरवर्षी माहीच चिठ्ठी कशी उरते हो?” ते हसले. “चिठ्ठीपुढं कोनाचं चालते, मंदा?” आणि तानपुऱ्याला गवसणी घालायला लागले. मी पर्स उचलली आणि दारातून फटकन बोलून गेले, “पुढच्या वर्षी मी गाणार नाही. रिकाम्या सतरंजीले गाणं ऐकवाचा मले शौक नाही.” ते मान वर न करता म्हणाले, “बरं.” बरं! एवढंच. मी तरातरा निघाले, आणि क्लासही सोडला.

तेरवीनंतर वहिनींनी तो डबा माझ्या हातात ठेवला. “घेऊन जाय तू. मी का करू याचं? डाळ ठेवाले लहान आहे.” घरी आणून धुवायला घेतला, तर तळाशी वर्तमानपत्राचा कागद बसवलेला. तो ओढून काढला, आणि खाली... सहा चिठ्ठ्या. सहाहींवर सरांच्या तिरप्या अक्षरात माझं नाव. म्हणजे दरवर्षी ते माझी चिठ्ठी लिहीत होते, घडी घालत होते आणि कागदाखाली सरकवून देत होते. ती डब्यात कधी मिसळलीच नव्हती! मी ओट्याशी तशीच उभी, नळ सुरू. या माणसानं मला लपवलं की काय? पोरांच्या आईबापांपुढे ही घोडी कशाला, लोक गेले की गाईल बापडी, असं? का मैफलीत मोठा गवई शेवटी बसतो, तसं काही त्यांच्या मनात होतं? मग आठवलं, ते मला शिकवायचे तेही कायम संध्याकाळचेच राग. म्हणजे सगळं आधीपासून ठरलेलं. पण का? मी तडक बोरसीला गेले. “वहिनी, त्याईनं असं कावून केलं असंल?” त्या म्हणाल्या, “मले का मालूम बाई. भाजीत मीठ कमी आहे का जास्त, तेही त्याईनं मले कधी सांगितलं नाही.”

गेल्या रविवारी पोरांनी हट्टानं सरांच्या खोलीत बैठक ठेवली. चिठ्ठ्या मी केल्या, माझीही इमानदारीनं टाकली. तिसरी निघाली. भरलेली खोली, वर धरलेले मोबाइल, टाळ्या... सहा वर्षं हेच तर हवं होतं मला. पण गाताना माझं सगळं लक्ष डाव्या हाताच्या रिकाम्या जागेकडे. शेवटी उरली खुशी, तीच चिमुरडी, आता चौदा वर्षांची. तिच्या आधीच्या पोराला आईनं नेलं, म्हणून तानपुरा मी घेतला आणि नकळत सरांच्या जागी जाऊन बसले. खुशीनं सूर लावला. दोन मिनिटांत माझी पाठ घामानं भिजली. मी वहिनींना खूण केली, पंखा इकडे करा. त्या जवळ येऊन कुजबुजल्या, “इथं कुठची हवा? कपाट आडवं आहे ना.”

“कपाट कधीपासून आहे इथं?”

“घर बांधलं तवापासून.”

मी तानपुरा छेडत राहिले. तिथं बसलं की गाणाऱ्याचा आवाज थेट उजव्या कानात येतो. सर भिंतीशी बसले असते तर तो त्यांच्या डाव्या कानात आला असता.

चिठ्ठ्यांचं कोडं मला अजून सुटलेलं नाही. त्या सहा मी पुन्हा डब्यात कागदाखाली ठेवल्या आहेत, डबा हार्मोनियमवर असतो. पण आता वेगळंच कोडं मला काही सुचू देत नाही. एप्रिलात मी तोडून बोलले, तेव्हा सर गवसणी बांधत होते आणि मी दारात उभी होते... त्यांच्या उजवीकडे की डावीकडे? काही केल्या आठवत नाही. रोज रियाजाला बसायच्या आधी त्या डब्याला हात लावते आणि एकच मागते, की मी डावीकडे असावे, आणि ते ‘बरं’ न ऐकताच म्हटलेलं असावं.