ड्रॅगनच्या फाइलवरचे शेरे

बाबा आमच्याकडे अमेरिकेत ईडन प्रेरीला आले ते २००६ च्या जूनमध्ये, आणि जुलै संपायच्या आत त्यांना परतीचे वेध लागले. मला तेव्हा चौथा महिना होता. बाळ जानेवारीत येणार होतं आणि बाबांच्या मुक्कामाची मुदत डिसेंबरच्या सुरुवातीला संपत होती. ती वाढवून घ्यायचा अर्ज मी भरून स्वयंपाकघरातल्या खणात, पिझ्झाच्या कुपनांखाली ठेवला होता. त्यावर फक्त बाबांची सही हवी होती. पण सही मागायची तर आधी ‘राहा’ म्हणायला हवं, आणि तेच माझ्याच्यानं होत नव्हतं.

आमच्या ओळखीतल्या प्रत्येक मुलीची आई बाळंतपणाला यायची. डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशोपा असं सगळं बॅगेत भरून, विमानतळावर प्रश्न विचारतील म्हणून वाटेतच उत्तरं पाठ करत. माझी आई आदल्या वर्षी गेली. सासूबाईंच्या घरी त्यांच्या नव्वदीच्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, त्यामुळे त्यांना हलता येत नव्हतं. राहिले बाबा. आणि बाबांचं म्हणणं असं की बाळंतपणात पुरुषमाणसाचं काय काम, शिवाय मुलीच्या घरी महिना-दीड महिना ठीक, त्याहून जास्त राहणं बरं दिसत नाही. हे त्यांनी मला सांगितलं नव्हतं, काकांना फोनवर सांगताना मी ऐकलं. मला त्यांनी कारण दिलं ते वेगळंच: नोव्हेंबरात पेन्शनीसाठी हयातीचा दाखला द्यावा लागतो, म्हणजे आपण जिवंत आहोत हे बँकेत जाऊन दाखवावं लागतं. दाखला नोव्हेंबरातला आणि निघायची घाई ऑगस्टमध्ये. मला राग आला. राग आला की मी बोलत नाही, भांडी जोरात ठेवते. त्या आठवड्यात एका पातेल्याला पोचा आला.

खरं सांगायचं तर इथे त्यांचा वेळ जात नव्हता. चौतीस वर्षं जिल्हा कचेरीत काढून ते अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले होते. समोर कागद यावा, त्यावर शेरा मारावा, कागद पुढे जावा, हा त्यांचा जन्मभराचा दिनक्रम. इथे त्यांच्यापुढे कागद येत नव्हता. नवरा सोमवारी पहाटेचं विमान पकडून शॉमबर्गच्या क्लायंटकडे जायचा तो गुरुवारी परत यायचा. मी दिवसभर ऑफिसात. बाबा सकाळी तळ्याभोवती चक्कर मारत, तिथल्या हंसांशी त्यांचं पटत नसे, आणि मग घरी येऊन टपालात आलेल्या जाहिराती तारीखवार लावून सुतळीनं बांधून ठेवत. एकदा त्यांनी मला अगदी गंभीरपणे विचारलं होतं की या गावात माणसं नक्की ठेवतात कुठे.

मग ते पुस्तक आलं. कॉलेजपासून मला इंग्रज लोकांच्या त्या विनोदी अद्भुत गोष्टींचं वेड. त्यात आकाश कोसळत असतं आणि माणसं एकमेकांना ‘तुमची गैरसोय तर नाही ना झाली’ असं विचारत असतात. लायब्ररीतून मी तसलंच एक जाडजूड पुस्तक स्वतःसाठी आणलं होतं. इंग्लंडातल्या एका खेड्याच्या पंचायतीला एक दिवस पत्र येतं, की हद्दीच्या नकाशात चूक झाल्यामुळे दूरच्या तारामंडळातला एक अख्खा ग्रह त्यांच्या गावात मोडतो, तरी तिथल्या गटारांची पाहणी करून अहवाल द्यावा. पंचायत तीन जणांची समिती नेमते: बदकं पाळणाऱ्या अध्यक्षीणबाई, एक निवृत्त सिग्नलमन आणि बहिरा खजिनदार. मयताचं सामान पुरवणाऱ्या दुकानाकडून ते एक जुनं अंतराळयान भाड्यानं घेतात आणि निघतात. ग्रहावर पोचल्यावर कळतं की तिथे ड्रॅगन राहतात आणि एकाही ड्रॅगनकडे धुराचा परवाना नाही.

एका संध्याकाळी मी सोफ्यावर पडून हे वाचत एकटीच हसत होते. बाबांनी विचारलं काय झालं. मी सांगितलं. त्यांनी पेपराची घडी केली, चष्मा काढला आणि म्हणाले, “मग परवाना दिला का त्यांनी?” दीड महिन्यात त्यांनी विचारलेला हा पहिला खरा प्रश्न होता. बाकी सगळे प्रश्न कचरा कुठल्या वारी जातो या जातीचे होते.

तेव्हापासून रिवाज पडला. आठला जेवण आटपायचं, बाहेर लख्ख ऊन असायचं (या उन्हावर बाबांचा शेवटपर्यंत विश्वास बसला नाही), आणि मी पुस्तक उघडून मराठीत सांगत सुटायची. बाबांना इंग्रजी उत्तम येत होतं, पण ते म्हणत की मला पत्रातलं इंग्रजी येतं, थट्टेतलं नाही. ते खुर्चीत ताठ बसून ऐकत आणि मधूनमधून हरकती घेत. समितीनं मागच्या सभेचं इतिवृत्त कायम केलेलं नाही. ड्रॅगन अर्जदार की प्रतिवादी, हे आधी ठरायला हवं. मी त्यांना म्हणायची की बाबा, ही गंमत आहे. ते म्हणायचे की गंमत असली तरी पद्धत नको का. आई गेल्यानंतर आम्ही दोघं कधी इतकं बोललो नव्हतो. माझ्या आयुष्यातल्या सुखाच्या संध्याकाळी मोजायला बसले तर त्या उन्हाळ्यातल्या बऱ्याच निघतील.

निम्मं पुस्तक झालं तेव्हा बाबा सहज म्हणाले, “हे एवढं संपलं की माझं तिकीट अलीकडचं करून टाक.” मी बरं म्हटलं आणि भांडी घासायला उठले. डिशवॉशर होता, तरी हातानं घासली.

दुसऱ्या दिवसापासून मी पुस्तक लांबवायला लागले. ऑफिसात मी सॉफ्टवेअर टेस्ट करायची, म्हणजे दुसऱ्यानं रचलेल्या गोष्टीत चुका काढायच्या. स्वतः काही रचायची सवय नाही. त्यामुळे मी सरळ बाबांच्याच घरातून चोरी केली. लहानपणी जेवताना त्यांनी सांगितलेले कचेरीतले किस्से आठवून आठवून मी ड्रॅगनच्या ग्रहावर नेऊन बसवले. पंचनाम्यात दोनदा मोजलेली म्हैस दोनदा मोजलेला ड्रॅगन झाली. रजेवर गेलेला शिपाई कपाटाची किल्ली घेऊन गेला होता, तो आता दुसऱ्या आकाशगंगेत गेला. पुस्तकाची पानं उलटायचं नाटक मी करत होते आणि चार-चार दिवस एकाच पानावर होते. नवऱ्याला मी हे फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, “अगं, डायरेक्ट विचार ना यार. फॉर्म रेडी आहे.” त्याला काय, त्याचे वडील त्याच्याशी बोलतात.

एका संध्याकाळी माझ्याकडचे किस्से संपत आले होते, म्हणून मी दुसऱ्या ग्रहावर राहायला गेलेल्या एका म्हाताऱ्या ड्रॅगनला पेन्शनीसाठी हयातीचा दाखला मागितला. ड्रॅगन समक्ष हजर होतो, जिवंत असल्याचा पुरावा म्हणून एक श्वास सोडतो आणि अख्खी कचेरी जळते. कारकून राखेतून उठून नोंद करतो: अर्जदार समक्ष हजर, परंतु नोंदवही जळाल्याने दखल घेता आली नाही. बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. मी पाणी आणून दिलं. पाणी पिऊन झाल्यावर ते म्हणाले की पण इतक्या लांब यायची त्या ड्रॅगनला गरजच नव्हती. परमुलखात राहणाऱ्याला तिथल्या वकिलातीतून दाखला मिळतो, नियमात तशी सोय आहे.

मी त्यांच्याकडे बघितलं. ते पेला बघत होते. म्हणजे नोव्हेंबरचं कारण हे कारणच नव्हतं, आणि ते त्यांच्याच तोंडून आलं होतं. तेव्हाच विचारायला हवं होतं. मी म्हटलं, उद्या पुढचं वाचू.

सप्टेंबर निम्मा झाला आणि लायब्ररीची ईमेल आली. मी ते पुस्तक तीनदा मुदत वाढवून ठेवलं होतं. आता दुसऱ्या कुणीतरी त्यावर नंबर लावला होता, त्यामुळे सोमवारपर्यंत परत करणं भाग होतं. शनिवारी सकाळी नवरा आणि बाबा भाजी आणायला गेले, तेव्हा मी पुस्तक घेऊन निघाले. ठरवलं होतं की संध्याकाळी सांगायचं, संपलं पुस्तक, तिकीट बघते. लायब्ररीच्या पार्किंगमध्ये गाडीत बसूनच आतली खुणेची चिठ्ठी काढायला मी ते उघडलं, आणि समासात मला पेन्सिलीनं लिहिलेलं मराठी दिसलं.

अक्षर ओळखायला वेळ लागला नाही. माझ्या प्रगतिपुस्तकांवर तेच होतं. आधी मी संतापले. लायब्ररीचं पुस्तक! शाळेच्या पुस्तकात मी एकदा मिशी काढली होती तर याच माणसानं मला दोन दिवस सुनावलं होतं. मग मी पहिल्या पानापासून बघायला लागले. यान निघतं तिथे लिहिलं होतं: ‘दौऱ्यास पूर्वमंजुरी घेतल्याचे दिसून येत नाही.’ अध्यक्षीणबाई ड्रॅगनला छत्रीनं हटकतात तिथे: ‘बाई कर्तबगार दिसतात.’ एका विनोदाशेजारी होतं, ‘यात हसण्यासारखे काय ते समजले नाही,’ आणि त्याच्याखाली, बहुधा दुसऱ्या दिवशी, ‘समजले.’ वाचून झालेल्या प्रत्येक पानावर काही ना काही होतं; मागचं पान मी कधी उलटून बघितलंच नव्हतं. मी ऑफिसला गेले की त्यांच्यापुढे अखेर एक कागद येत होता, आणि त्यावर ते शेरे मारत होते.

मी जिथून थापा मारायला सुरुवात केली होती त्याच्या मागचं पान आलं. तिथे लिहिलं होतं: ‘काल वाचून दाखविलेला मजकूर पुढे आढळत नाही. सबब तो निवेदकाचा स्वतःचा असावा. मूळ मजकुरापेक्षा बरा आहे. चालू ठेवावे.’

म्हणजे गेला सव्वा महिना त्यांना सगळं माहीत होतं. मी थेट शेवटच्या पानावर गेले. गोष्ट संपते तिथे खाली बोटभर जागा कोरी होती आणि ती त्यांनी भरली होती. ‘प्रकरण संपूर्ण वाचले. मुक्कामाच्या मुदतवाढीचा अर्ज कुपनांखाली आढळला, तो परिपूर्ण आहे. हयातीच्या दाखल्याबाबत नियमात सोय आहे. मात्र अर्जदाराने अद्याप तोंडी विनंती केलेली नाही. विनंती आल्यास हरकत नाही.’

मी गाडीत रडले, आणि रडता रडता हसले. एक बाई मुलाला घेऊन जाताना काचेतून वाकून बघत होत्या, त्यांना मी हात केला. इतके दिवस मी वाट बघत होते की त्यांनी आपणहून राहतो म्हणावं. ते वाट बघत होते की मी म्हणावं. मुलीच्या घरी माणूस आपणहून कसा राहील? त्याला कुणी तरी राहा म्हणायला हवं, आणि ते म्हणणारी आई आता नव्हती. मीच होते.

पुस्तक परत न करता मी घरी आले. बाबा टेबलाशी मटार सोलत होते. मी खण उघडला, कुपनं बाजूला केली, अर्ज काढून त्यांच्यासमोर ठेवला. वाटेत वाक्य तयार केलं होतं, ते सगळं विसरले.

“बाबा, बाळ होईपर्यंत राहा. नंतरही राहा. मला आई हवी होती, ती नाहीये. मला तुम्ही हवे आहात.”

त्यांनी हात पुसले. चष्मा लावला. अर्ज दोन्ही बाजूंनी पूर्ण वाचला, जणू तो त्यांनी आधी कधी पाहिलाच नव्हता. सही केली, खाली तारीख घातली आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “मला डिंकाचे लाडू येत नाहीत. तुझ्या काकूला फोनवर विचारून घेईन.” नवरा फ्रिजमध्ये डोकं घालून उगीचच काहीतरी शोधत राहिला.

रविवारी आम्ही दोघं खोडरबर घेऊन बसलो. बाबा खोडत होते आणि कुरकुरत होते की चौतीस वर्षांत एक शेरा खोडला नाही, आणि आता परक्या सरकारच्या पुस्तकावरचे खोडतोय. एकेक पान मी झटकून पुढे सरकवत होते. मध्येच ते थांबून एखादा शेरा वाचून दाखवत, आणि आम्ही हसत होतो. ड्रॅगनांना परवाना मिळाला का, हे मी त्या दिवशी त्यांना विचारलं, कारण मी स्वतः शेवट वाचलाच नव्हता. ते म्हणाले की मिळाला, पण तुझा ड्रॅगन अजून दाखल्यावाचून बसलाय, त्याचं आज रात्री जेवणानंतर सांग.

शेवटचं पान आलं. मी खोडरबर उचललं तेव्हा त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला.

“ते राहू दे,” ते म्हणाले. “त्यावर निर्णय झालाय. निर्णय झालेली टिपणी खोडत नाहीत.”

पुस्तक तसंच परत गेलं.