सामूहिक कॉपी

सत्तरी ओलांडल्यावर माझं प्रगतिपुस्तक रोज पुण्याला जायला लागलं. उभं आयुष्य मी दुसऱ्यांच्या पोरींची प्रगतिपुस्तकं भरण्यात घालवलं. सोलापुरात मुलींच्या शाळेत गणित शिकवलं, अजूनही गल्लीत सगळे मला ‘बाई’च म्हणतात. आपल्यालाही म्हातारपणी कुणी गुण देईल असं तेव्हा वाटलं नव्हतं. पण मुलगा पुण्यात मोठ्या पगाराला लागला की आईवडलांची इयत्ता ठरवायचा अधिकार आपोआप त्याच्याकडे जातो. आमचे हे वेळेवर सुटले. मी सापडले.

झालं होतं ते एवढंच. साडीला फॉल बघायला म्हणून नवी पेठेत गेले आणि फोन दुकानातच राहिला. घरी येऊन चहाचं आधण ठेवलं, तेवढ्यात तिकडे दुकानात मुलाचा फोन आला आणि दुकानदारानं तो उचलला. “आजी फोन हितंच इसरून गेल्यात की,” असं त्या भल्या माणसानं सांगितलं, आणि वर असंही सांगितलं की, “काळजी करू नका, आमी नीट ठिवलाय.” हे दुसरं वाक्य पुण्यापर्यंत पोचलंच नाही. पोचला तो एकच शब्द, इसरून.

त्याच संध्याकाळी मुलगा आणि सून दोघंही व्हिडिओवर हजर. सुनेच्या एका मावशीचं असंच सुरू झालं होतं म्हणे. आधी चष्मा, मग किल्ल्या, मग पोटच्या पोरांची नावं. ऐकून मीही जरा घाबरले, खोटं कशाला सांगू. पण मग मी मुलाला म्हटलं, “तुझ्या बायकोचा मोबाइल नंबर सांग बरं, न बघता.” तो म्हणाला, “आई, विषय तो नाहीये.” त्याला उत्तर येत नसलं की विषय कधीच तो नसतो, चौथीत असल्यापासून.

पुढच्या जोडसुट्टीला तो आला तो नवा फोन आणि त्यात मेंदूला व्यायाम देणारं एक अ‍ॅप घेऊनच. रोज एकदा खेळायचं. खेळ संपला की अ‍ॅप आपल्या मेंदूचं वय सांगणार, आणि तो आकडा त्याच क्षणी पुण्याला मुलाच्या फोनवर दिसणार. “स्कोअर बरा राहिला तर तू खुशाल इथं राहा,” तो म्हणाला, “पण पडायला लागला तर मात्र हे घर बंद करायचं आणि आमच्याकडे यायचं. डन?” मी डन म्हटलं. न म्हणून सांगते कुणाला?

पुण्याचं त्यांचं घर चांगलं आहे. अकरावा मजला, खाली रखवालदार, माझ्यासाठी वेगळी खोली, खिडकी उघडली की समोर दुसऱ्या इमारतीची बंद खिडकी. मागे एकदा तिथं राहिले होते. ही दोघं सकाळी जायची ती रात्री यायची, छोटी नात शाळेतून परस्पर पाळणाघरात, आणि दिवसभरात मला बोलायला मिळायचं ते लिफ्टमधल्या आरशाशी. त्या घरात मी आठ दिवस पाहुणी म्हणून राहू शकते, कायमची राहिले तर दुकानदाराकडे नुसता फोन नाही, सगळंच विसरेन, हे मला पक्कं माहीत होतं.

तर खेळ. एका खेळात आपण हॉटेलवाले. गोरीगोरी गिऱ्हाईकं येणार, कुणी हिरव्या टोपीचं, कुणी लाल केसांचं, आणि कुणी काय मागितलं ते ध्यानात ठेवून द्यायचं. दुसऱ्यात इंग्रजीत ‘रेड’ असं निळ्या शाईनं लिहून येतं आणि आपण शाईचा रंग सांगायचा. असं फळ्यावर मी लिहिलं असतं तर पालक भांडायला आले असते. तिसऱ्यात आकडे. आणि काहीही बरोबर आलं की पडद्यावर फटाके फुटतात आणि एक बाई किंचाळते, “अमेझिंग!” सात अधिक आठ पंधरा, ह्यात अमेझिंग काय आहे? बोर्डात आलेल्या पोरीलाही मी ‘ठीक’च्या वर कधी गेले नाही.

सुरुवातीला मेंदूचं वय साधारण माझ्याच वयाच्या आसपास यायचं. म्हणजे काठावर पास. मुलाचा अंगठा यायचा, दिवस निघायचा.

मग एक दिवस ऐन खेळात पाणी आलं. आमच्या सोलापुरात नळाला पाणी येतं ते मुख्यमंत्र्यासारखं. चार-पाच दिवस नुसती चर्चा, मग अचानक आगमन, आणि आलं की सगळ्यांनी हातातलं काम टाकून धावायचं. गल्लीत “आलं, आलं” असा गलका झाला. मी फोन पलंगावर टाकला आणि मोटार चालू करायला पळाले. बॅरल, हंडे, बादल्या भरून, पदर पिळून परत आले तोवर हॉटेलातली सगळी गिऱ्हाईकं उपाशी निघून गेली होती. मेंदूचं वय त्र्याऐंशी.

फोन आलाच. “आई, स्कोअर एकदम कोसळलाय. बरं वाटत नाही का?”

“पाणी आलं होतं रे.”

“म्हणजे?”

माझ्या कानांवर विश्वास बसेना. ह्याच नळाखाली हा पोरगा चड्डीवर उभा राहून कळशा भरायचा. पाणी आलं म्हणजे काय हे त्याला मी समजावून सांगायचं! आणि विसरते कोण, तर मी. संताप आला, पण गिळला. आठवड्याभरात पाणी पुन्हा आलं आणि पुन्हा नेमकं खेळाच्या वेळी. ह्या खेपेला तो फार प्रेमानं बोलला, तेव्हाच मी समजले. स्मरणशक्तीच्या एका मोठ्या डॉक्टरांची वेळ घेतोय म्हणाला. “दिवाळीच्या आधी गाडी घेऊनच येतो. सामान हळूहळू आवरायला घे.”

त्या दुपारी शेजारीण आली तेव्हा मी पलंगावर नुसती बसून होते. शेजारीण तेलुगू घरातली, साठीची, तरुणपणी विड्या वळायची, बोटं अजून सुईसारखी चालतात. तिला सगळं सांगितलं. सांगताना रडू आलं. तिनं फोन हातात घेतला, उलटासुलटा केला.

“बाई, ह्याला काय कळतंय व्हय कोण खेळतंय ते?”

“नाही.”

“मग द्या की हिकडं. रडताय काय!”

अशी सुरुवात झाली. दोन दिवसांत आमच्या भिशीतल्या आणखी दोघी येऊन बसल्या. एक अक्कलकोटकडची अक्का. तिच्या डोक्यात कुठल्या लग्नात तिला कुणी वाढलं नाही ह्याची तीस वर्षांची नोंद आहे, त्यामुळे गिऱ्हाईकांचं खातं तिच्याकडे. दुसरी माझीच जुनी विद्यार्थिनी, आता स्वतः आजी झालेली, ब्लाउज शिवते. पिवळ्यातले सतरा पिवळे वेगळे काढते, म्हणून रंग तिच्याकडे. बोटं चालवायची शेजारणीनं. फोन धरायचा आणि पर्यवेक्षण करायचं मी. आकड्यांचा खेळ आला की मात्र मी कुणाला हात लावू देत नव्हते, एवढी अब्रू ठेवली.

पापड लाटताना जशी कामं वाटून घेतात, तसं आमचं चालायचं. चटईवर मधे फोन, भोवती चार डोकी, बाजूला शेंगा.

“अक्का, हिरव्या टोपीवाल्याला काय?”

“त्याला गोड पायजे. लबाड दिसतोय मेला.”

“लाल केसवालीला?”

“ती काल बी आलती की! नुसती कॉफी पिती. बेगा बेगा, बोट लाव!”

“लावलंय की! वरडू नका, लई गडबड होती मला.”

“अमेझिंग!” ती बाई किंचाळायची, आणि अक्का तिला उलट ओरडून म्हणायची, “तू गप गं!”

आता मजा बघा. ह्या माझ्या विद्यार्थिनीला दहावीच्या परीक्षेत मीच पकडलं होतं. ओढणीच्या टोकात प्रमेय बांधून आणलं होतं तिनं. “लाज नाही वाटत?” असं मी तिला सगळ्या वर्गासमोर विचारलं होतं. एका तालुक्याच्या केंद्रावर तर अख्खं गाव भिंतीवर चढून उत्तरं सांगत होतं, तेव्हा मी पट्टी घेऊन अंगणात उभी राहिले होते. सामूहिक कॉपी ह्या शब्दानं माझं डोकं फिरायचं. आणि आता माझ्याच माजघरात, दार लोटून, मीच केंद्रप्रमुख. लाज वाटली का? अजिबात नाही. कॉपी करणारी पोरं आळशी असतात असं मी समजत होते. परीक्षाच खुळी असली की सरळ माणसंही कॉपी करतात, हे मला निवृत्तीनंतर कळलं. त्या विद्यार्थिनीला तसं सांगितलंही. ती म्हणाली, “बाई, तेव्हा का नाही सुचलं हो?”

मेंदूचं वय भराभर उतरायला लागलं. साठ झालं, पन्नास झालं, आणि एका दुपारी फटाक्यांच्या धुरातून आकडा आला, चौतीस. अक्का म्हणाली, चौतिसाव्या वर्षी तिला चार लेकरं होती आणि डोकं अजिबात चालत नव्हतं.

पुण्यात आनंदीआनंद. मुलानं तो आकडा घरच्या ग्रुपवर टाकला. प्राउड ऑफ यू आई. ज्या नातेवाइकांनी कधी पाण्याचा ग्लास विचारला नाही त्यांनी टाळ्या पाठवल्या. डॉक्टरांची वेळ रद्द झाली. सुनेनं तर स्वतःच्या आईलाही तेच अ‍ॅप घेऊन दिलं. ती बिचारी साताऱ्याला एकटीच खेळते, तिचं अठ्ठ्याहत्तर येतं. मी मनात म्हटलं, सुटले. खोलीतल्या खोलीत फुगडी घालायची तेवढी बाकी ठेवली.

मग एका रविवारी दोघंही फोनसमोर बसले. चेहरे एवढे गोड की मला संशय यायला हवा होता.

“आई,” मुलगा म्हणाला, “तुझं डोकं इतकं छान चालतंय, आणि ते तिथं नुसतं वाया जातंय. आम्ही ठरवलंय, तू इकडेच ये. छोटी आता पाचवीत गेली. गणितात फार मागे पडतेय. सांभाळायला ठेवलेली बाई टिकत नाही. शाळेतून आली की तिच्याजवळ कुणीतरी आपलं माणूस पाहिजे.”

“म्हणजे आकडा वाईट आला तरी पुण्याला, आणि चांगला आला तरी पुण्यालाच?”

तो हसला. “तसं नाही गं.”

“कसं आहे मग?”

तो पुन्हा छोटीच्या गणितावर आला. नातीवर माझा जीव आहे, सुट्टीत ती आली की मी तिला मांडीवर घेऊन पाढे म्हणून घेते. तिला गणित शिकवायला मी फोनवरूनही तयार होते, तसं म्हटलंही. पण त्यांना बिनपगारी, चौतीस वर्षांची, घरी राहणारी शिक्षिका हवी होती. रागापेक्षा वाईट जास्त वाटलं. इतके महिने मी हे घर वाचवायला धडपडत होते, आणि माझा मेंदू धड आहे की बिघडलाय ह्याच्याशी त्यांना तसं देणंघेणं नव्हतंच.

“मी येणार नाही,” मी म्हटलं. “मला इथंच राहायचंय.”

मुलानं फोन जरा बाजूला धरला आणि बायकोला हळूच म्हणाला, पण मला ऐकू आलं, “ही चिडचिड नवीन आहे. आपण वाचलं होतं ना, आधी स्वभाव बदलतो.”

हा पोरगा तीन वर्षांचा असल्यापासून मी त्याला ‘नाही’ म्हणत आलेय. कुल्फीला नाही, पतंगाला गच्चीवर जायला नाही, कॉलेजात मोटरसायकलला नाही. तेव्हा त्याला वाटायचं, आई कडक आहे. आता तेच ‘नाही’ आजाराचं लक्षण झालं. मग मी सगळं सांगून टाकलं. चटई, शेंगा, अक्का, शेजारणीची बोटं, सगळं. तो चौतीस माझा नाहीच, असं स्पष्ट सांगितलं.

त्याचा चेहरा पडला, मग गंभीर झाला, मग त्यावर ती जुनी काळजी परत आली.

“म्हणजे इतके दिवस तू आम्हाला फसवत होतीस? आणि तुझा खरा स्कोअर काय आहे हे कुणालाच माहीत नाही? आई, मग तर तुला तिथं एकटीला ठेवताच येणार नाही.”

“एकटी कुठं रे?” मी म्हटलं. “आत्ताच सांगितलं ना, आम्ही चौघी होतो. आणि ‘येणार नाही’ हे मात्र माझं एकटीचं उत्तर आहे. ते मी कुणाचं बघून लिहिलेलं नाही.”