पहिलं ताट बोक्याचं

दिघीच्या जेट्टीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमची खाणावळ आहे आणि तिथे सासूबाईंनी घालून दिलेली एक पद्धत आहे. अकराला दार उघडलं की पहिलं ताट मालकिणीचं. दारासमोरच्या बाकावर बसायचं आणि तांदळाच्या दोन भाकऱ्या, कालवण, भात, सगळं गिऱ्हाइकांच्या डोळ्यांसमोर खायचं. मग बाकीची ताटं लागतात. मालकीण खाते तेच आपल्या पुढ्यात येतं, हे माणसाला दिसलं पाहिजे. सासूबाईंनंतर वीस वर्षं हे काम मी केलं. इतक्या निष्ठेनं केलं की वजन एकशे बारा किलोवर गेलं.

चुलीपुढे उभं राहणं गुडघ्यांना जमेना, तेव्हा पनवेलच्या डॉक्टरांकडून पोटात बँड बसवून घेतला. जठराच्या वरच्या भागाला गुंडाळलेला पोकळ पट्टा, त्याला एक नळी, आणि नळीच्या टोकाला कातडीखाली बटणासारखी डबी. डबीत सुई टोचून पाणी भरलं की पट्टा आवळतो, काढलं की सैल होतो. डॉक्टरांनी नियम सांगितले. लहान ताटली. घास हरभऱ्याएवढा. वीस वेळा चावायचं. जेवताना पाणी प्यायचं नाही. आणि पोट भरलंसं वाटलं की ताटात काय उरलंय ते न बघता उठायचं. माणूस दारात उभा राहिला की त्याला किती भात लागेल हे मी सांगू शकते, पण स्वतःचं माप काही मला कधी दिसलं नव्हतं.

दोनदा पाणी भरलं आणि छान चाललं. अर्धी भाकरी, माशाचा एक तुकडा, दोन चमचे भात, की झालं. वीस किलो उतरले. मग काटा अडला आणि मी हट्ट धरला, अजून आवळा.

"बाई, तुम्हाला नीट जेवता येतंय आणि मधे भूक लागत नाही. हेच तर हवंय," डॉक्टर म्हणाले.

"नट सैल ठेवला की पंप गळतो, डॉक्टर. आवळा."

त्यांनी थोडं भरलं आणि बजावलं की घट्ट अन्न उतरेनासं झालं तर लगेच यायचं. मी मान हलवली. मान हलवायला काय जातं.

पट्ट्याचं वागणं सरकारी कचेरीसारखं असतं. सकाळी काहीच पुढे सरकत नाही, दुपारनंतर जरा हालचाल, आणि मनावर ताण असला की खिडकीच बंद. तिसऱ्या पाण्यानंतर अकराच्या ताटातला दुसरा घास छातीत दगडासारखा बसायला लागला. तोंडात फेसाळ लाळ भरायची आणि मागच्या मोरीकडे पळावं लागायचं. मग मी खाणंच सोडलं. सोलकढी, गोड चहा आणि वितळवलेलं आंब्याचं आइस्क्रीम मात्र विनातक्रार खाली उतरायचं. महिन्याभरात तीन किलो वाढले. पट्टा आवळून वजन वाढवायलाही अक्कल लागते.

डॉक्टरांकडे जायचं म्हणजे पाणी काढून घ्यायचं, आणि पाणी काढलं की मी पुन्हा एकशे बारा, असा माझा हिशेब. म्हणून गप्प बसले.

राहिला प्रश्न पहिल्या ताटाचा. तो आमच्या मांजरानं सोडवला. मी बाकावर बसायची, तोंड हलवायची आणि घास पदराआडून खाली सोडायची. मांजरानं खाल्लं की मी आत ओरडायची, "मस्त झालंय, वाढा!" चव मांजराची, आवाज माझा.

रांधायचं काम धाकट्या जावेकडे आहे. एक दिवस मांजराच्या पोटाकडे बघत तिनं विचारलं, "ताई, ही गाभण हाय काय?"

"असेल," मी म्हटलं.

आठवड्यानं ती म्हणाली, "अगं, तो बोका हाय."

तेव्हा तरी सावध व्हायला हवं होतं. झाले नाही.

त्या दिवशी बांगड्याचं कालवण होतं. बाकांवर आठ माणसं. मी सवयीनं आधीच "वाढा" म्हणून टाकलं आणि पहिला तुकडा खाली सोडला. बोक्यानं तो हुंगला, तोंड फिरवलं आणि शेपूट वर करून चालता झाला.

बोका बांगडा सोडतो म्हणजे अर्थ एकच. मासा बिघडलाय आणि आठ ताटांत पडलाय.

"थांबा! कुणी घास घेऊ नका!"

म्हसळ्याहून विटा घेऊन येणारा टेंपोवाला आमचं नेहमीचं गिऱ्हाईक. त्याचा हात तोंडापाशीच राहिला. "काय झालं, काकी?"

"कालवण बिघडलंय."

जाऊ पळी घेऊनच बाहेर आली. "कोण म्हणतो? सकाळी होडीवरून मी घेतलेत बांगडे. तू खाऊन बघितलंस?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी तुकडा तोंडात टाकला, दोनदा चावला आणि गिळला. तो अर्थातच अडकला. मी मोरीकडे धावले. गिऱ्हाइकांना दिसलं ते एवढंच की मालकिणीनं स्वतःचं कालवण खाल्लं आणि ओकायला गेली. टेंपोवाला उठला. मागोमाग आणखी तिघं.

जावेनं तिथेच उभ्यानं वाटीभर कालवण खाल्लं. मग मोरीपाशी आली. "एक नंबर झालंय. बिघडलंय म्हणून तुला कुणी सांगितलं?"

तोंड पुसत मी म्हटलं, "बोक्यानं."

तिनं हातातली पळी खाली ठेवली. "त्यानं सकाळी सहा बांगड्यांची डोकी खाल्लीत, मीच घातली. पोट भरलंय त्याचं. बिनपट्ट्याचा हाय, पण थांबायचं कळतं त्याला."

दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन पनवेलला गेली. डॉक्टरांनी सुई टोचून थोडं पाणी काढलं आणि भरपूर ऐकवलं. जावेनं मान डोलावून त्यांना साथ दिली. संध्याकाळी अर्धी भाकरी आणि सुरमईचा तुकडा अलगद खाली उतरला, आणि मला ज्याची भीती होती तेच झालं. दुसरी अर्धी हवीशी वाटली. समोरच होती. मी हात धुतला आणि बाहेर जाऊन बसले. पंधरा मिनिटांनी ती अर्धी मनातून गेली. रोज जाते असं नाही.

आता बाकावर माझी लहान ताटली असते आणि शेजारी जाऊ मोठं ताट घेऊन बसते. बोक्याला दाराबाहेर, मोजून.

टेंपोवाला आठ दिवसांनी आला. आत येईना. दारातच उभा राहिला, नजर माझ्या ताटलीवर. मी भाकरीचा तुकडा मोडला, कालवणात बुडवला आणि चावायला लागले. तो बघत राहिला. जेट्टीवर आगरदांड्याला जाणाऱ्या बोटीचा भोंगा वाजला.

"काकी, गिळा की आता! बोट सुटेल माझी."

मी हातानं थांब म्हटलं. वीसातले चौदाच झाले होते.