मेलेला दीर चौतिसाव्या भागात जेवायला येतो

पन्नास भाग होईपर्यंत मी अनुक्रमणिका केली नव्हती, आणि करणारही नव्हते. वाचक सारखे मागायचे. मी म्हणायची, कथा वाचा की मुकाट्याने, टेलिफोन डिरेक्टरी कशाला हवी?

कसली कथा, तेही सांगते. माझ्या लहानपणी टीव्हीवर एक मालिका लागायची, ती अर्धवटच बंद पडली. त्यातल्या वकीलबाईचं पुढे काय झालं, ते मी इथे अमेरिकेत, वेस्ट विंडसरला माझ्या स्वयंपाकघरात बसून लिहीत होते. दर रविवारी एक भाग, मराठी कथांच्या एका वेबसाइटवर. दुसऱ्याची पात्रं घेऊन आपण गोष्ट पुढे न्यायची, याला फॅन फिक्शन म्हणतात म्हणे. नवरा गेल्यापासून घरात मी एकटी. मुलगी जर्सी सिटीला असते, एक रविवार सोडून येते. बाकी वेळ वकीलबाई, तिची सासू आणि तिचा आगाऊ धाकटा दीर, यांच्याशीच काय ते माझं बोलणं.

बाविसाव्या भागात मी त्या दिराला अपघातात मारला. वाचकांनी रडून नुसता गोंधळ घातला. चौतिसाव्या भागात तो जेवायला आला आणि दोन थालीपिठं खाऊन गेला.

"ताई, दीर तर गेला होता ना?" नागपूरच्या एका वाचकाने विचारलं.

मी ते चारदा वाचलं. मग उत्तर टाकलं, "थांबा जरा! सगळं आत्ताच सांगू का?" झालं, लोक खूश. कुणी म्हणे तो जुळा भाऊ आहे, कुणी म्हणे वकीलबाईचा भास. वेळ मारून नेण्यात मी पहिल्यापासून पटाईत. पण त्याला मारल्याचं मला आठवतच नव्हतं. बाविसावा भाग उघडून वाचला, तर दुसऱ्याच कुणी लिहिल्यासारखा वाटला. त्यात वकीलबाई रडता रडता उठून गॅस बंद करते. छान लिहिलंय, असं मनात आलं आणि मी लॅपटॉप मिटून टाकला.

माझी आई शेवटची चार वर्षं मला "अहो बाई" म्हणायची. मी तिला आंघोळ घालायला येणारी बाई आहे, असं तिला वाटायचं. घरी मुलं किती, असं प्रेमाने विचारायची.

मुलीला मी काहीच सांगितलं नाही. काय सांगणार? एक खोटा माणूस मेला ते विसरले म्हणून? ती हसली असती. आणि हसली नसती तर? त्याचीच मला जास्त भीती.

डिसेंबरात, पन्नासावा भाग टाकल्यावर, मी अनुक्रमणिका करायला घेतली. वाचकांना सांगितलं, घ्या बाबा, तुमचा हट्ट पुरवते. खरं म्हणजे मलाच ती हवी होती. भागाचा नंबर, नाव, तारीख, त्यात कोण कोण आहे आणि काय घडतं ते एका ओळीत. दुपारी जेवण झालं की बसायचं, एकेक भाग वाचायचा आणि ओळ लिहायची. एक्केचाळीस: वकीलबाई आईचं शिवणयंत्र भंगारवाल्याला देते. असं करत सत्तेचाळीसला पोचले. वकीलबाई आईचं शिवणयंत्र भंगारवाल्याला देते. तेच यंत्र, तोच भंगारवाला, "याचं चाक अजून फिरतं हो" हे वाक्यसुद्धा तेच. सहा आठवड्यांनी मी तो भाग नवा समजून पुन्हा लिहिला होता. खाली एका वाचक बाईंनी लिहिलं होतं, "हा भाग पुन्हा वाचायलाही छान वाटला, ताई." अगं बायांनो, कुणीतरी शिव्या घालायच्या ना मला!

दुसऱ्यांदा लिहिलेला भाग काढून टाकला आणि अनुक्रमणिका सगळ्यात वर लावली. लोकांनी ती डोक्यावर घेतली. नवीन माणसाला कुठूनही सुरुवात करता येते, जुन्याला हवा तो भाग चटकन सापडतो, किती व्यवस्थित हो ताई तुम्ही! मी आभार मानले आणि उठून दाराला कुलूप लावलंय का ते बघून आले. आता नवा भाग लिहायच्या आधी मी ती यादी वरपासून खालपर्यंत वाचायची, ओळीओळीवर बोट ठेवून. कोण जिवंत आहे, कोण कुठे राहतं, कुणाला काय माहीत आहे. तिच्या जिवावर तीन महिने एकही चूक झाली नाही. पण दूध आणायला बाहेर पडले की दारातच घोटाळायची. गाडी कुठे लावली, सकाळची गोळी घेतली का, मुलीशी फोन झाला का, याची यादी कुठे होती? मी हायवेवर ड्राइव्ह करणं बंद केलं. मुलीला सांगितलं, गुडघा दुखतो.

मार्चमधल्या एका दुपारी यादी वाचताना बोट अडलं. अठ्ठावन्न, आणि त्याच्या खाली पुन्हा अठ्ठावन्न. दोन्ही ओळी माझ्याच. पहिलीत वकीलबाई खटला जिंकते. दुसरीत तिची सासू घर सोडून जाते. वेबसाइटवर शोधलं, तर असला भाग मी कधी लिहिलाच नव्हता. ज्या यादीवर भरवसा टाकून बसले होते, तिच्यातच मी काहीबाही घुसडलं होतं.

तेव्हाच मुलीच्या ऑफिसात फोन लावला. म्हटलं, "मला डॉक्टरकडे घेऊन चल." कशाला, असं तिने विचारलं नाही. "ओके आई, आय विल टेक द डे ऑफ," एवढंच म्हणाली.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, शांतपणे बोलणाऱ्या. केव्हापासून होतंय, असं त्या विचारणार हे मला ठाऊक होतं. म्हणून मी अनुक्रमणिका छापून नेली होती, चौतिसाव्या भागाखाली लाल रेघ मारून. कागद पुढे ठेवला आणि ठणकावून सांगितलं, गेल्या ऑगस्टपासून. त्यांनी लाल रेघेवरची तारीख नीट पाहिली आणि मग मुलीला विचारलं, तुमच्या कधी लक्षात आलं?

"नॉट लास्ट थँक्सगिव्हिंग," मुलगी माझ्याकडे न बघता म्हणाली. "द वन बिफोर."

मी कागदावर पाहिलं. पहिला भाग त्या नोव्हेंबरनंतरच्या जानेवारीतला होता.

ती डॉक्टरांना इंग्रजीत सांगत होती. त्या दिवशी सकाळी मी दार उघडून तिला मिठी मारली. ती आंघोळ करून बाहेर आली, तर "अगं, कधी आलीस?" म्हणून मी पुन्हा मिठी मारली, तितक्याच आनंदाने. म्हणूनच तिने मला काहीतरी लिही म्हणून मागे लागून लिहायला बसवलं होतं, दर आठवड्याला एक. तिला मराठी धड वाचता येत नाही. ट्रेनमध्ये फोनवर भाषांतर करून ती प्रत्येक भाग वाचायची. इंडेक्स आल्यावर सोपं झालं, म्हणाली, कुठे काय चुकतंय ते कळायला लागलं. तिने फोन पुढे केला. माझीच यादी होती, आणि ओळीओळीपुढे तिच्या खुणा. सव्वा वर्ष ही पोर हे एकटीने करत होती, आणि रविवारी माझ्या हातची आमटी खाऊन "ऑल गुड, आई?" विचारून जात होती.

"मला का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"तू घाबरली असतीस."

मी टेबलाखालून तिचा हात धरला.